गेटवेच्या वाटेवरची घरं

किस्से मी काही जमवत नाही. गाडीच्या सीटखाली हात घातला की निघतात ना, शेंगदाण्याची सालं, एखादं नाणं, कुणाच्या तरी गॉगलची काडी, तसे ते आपोआप साठत जातात. परवा शाळेतल्या मैत्रिणी माझ्याकडे मुलुंडला जमल्या होत्या. एकीने सहज विचारलं, "मेधा, तू ते पाहुण्यांना मुंबई दाखवतेस ना? मग गेटवे बघून बघून कंटाळली असशील."

मला इतकं हसू आलं की चहाचा कप खाली ठेवावा लागला. म्हटलं, बसा गं. जेवण बाहेरून मागवू. सांगतेच आता.

आधी मंडळी ओळखून घ्या. मंडळी म्हणजे आम्ही तिघंच. एक मी. दहावीच्या क्लासमध्ये भूगोल शिकवायचे. तिथल्या सरांशी माझं वाजलं, आणि सोडताना मी सगळ्या पोरांसमोर त्यांना असं काही ऐकवून आले की परत त्या जिन्यावर पाय ठेवायची सोय उरली नाही. दुसरे परबकाका. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात. गाडी त्यांची आणि चालवतातही तेच. तिसऱ्या परेरा मॅडम. अंधेरीला त्यांची छोटी ट्रॅव्हल एजन्सी आहे. एअरपोर्टजवळच्या हॉटेलांत उतरलेले, मुंबईत पहिल्यांदाच आलेले पाहुणे त्या आमच्याकडे पाठवतात. एक गाडी, एक गाइड, एक दिवस. सकाळी बोरिवलीला कान्हेरीची लेणी, मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पवई तलाव, मग ईस्टर्न हायवे पकडून सरळ खाली गेटवे ऑफ इंडिया.

मॅडमची अट एकच. गेटवेसमोर पाहुण्यांचा फोटो काढायचा आणि त्याच दिवशी त्यांना पाठवायचा. "मेधा, बाकी तुला काय दाखवायचं ते दाखव. पण बाहेरच्या कंपन्यांना गेटवेचा फोटो लागतो. फोटो नाही तर काम नाही." आणि मला काम देणाऱ्या त्या एकट्याच. म्हणजे गेटवे हातचा गेला की मी परत क्लासमध्ये, त्याच सरांसमोर, मान खाली घालून. या विचारानेच मला रात्रीची झोप लागायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड काय आहे? गेटवे तर जागचा हलत नाही.

अवघड होते परबकाका. त्यांचे वडील गिरणीत होते. परळची खोली सुटली तसं सगळं गणगोत उपनगरांत पांगलं. सख्खी बहीण जोगेश्वरीला, चुलत भाऊ कांजूरमार्गला, मेव्हणा घाटकोपरला, मावशी मानखुर्दला. नकाशावर बोट फिरवून बघा, बरोबर आमच्या टूरचा रस्ता. आणि काकांच्या घरची रीत अशी की आपल्या माणसाच्या दारावरून जायचं आणि वर डोकवायचं नाही, याच्याएवढा अपमान दुसरा नाही. मालवणात असताना तसं होतं, परळला असताना तसं होतं, आणि आता पाठीमागे तीन परदेशी बसलेत म्हणून ते बदलेल, ही अपेक्षाच चुकीची.

"दोन मिंटां गो बाय," काका म्हणायचे आणि इंडिकेटर लावायचे. "गेटवे काय पळान जाता?"

*

पहिलीच पार्टी. इंग्लंडचे निवृत्त नवरा-बायको. लेणी झकास झाली, दोघं खूश. लिंक रोडला लागलो, आणि काकांनी गाडी एका सोसायटीत घातली. मला वाटलं, पंक्चर.

"सुलूचा घर," काका म्हणाले. सुलूताई म्हणजे त्यांची बहीण. ती चौथ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहून हात हलवत होती. लिफ्ट बंद. इंग्लंडचे आजोबा कठड्याला धरत धरत चढले. वर गेल्यावर बूट काढा, हातपाय धुवा, पाणी, घावणे, चटणी, मग चहा. मग सुलूताईच्या थोरल्या मुलाच्या लग्नाचा अल्बम. मग धाकट्याच्या. इंग्लंडच्या आजी प्रत्येक फोटोवर बोट ठेवून विचारायच्या, "हे कोण?" आणि सुलूताई मालवणीत सांगायची. मी मधे बसून भाषांतर करत होते. 'नणंदेच्या जावेची भाची' याला इंग्रजीत काय म्हणतात, ते मला भूगोलात कधी शिकवलं नव्हतं.

दोन मिनिटांची दुपार झाली. त्या लोकांचं संध्याकाळी विमान. गेटवेला जाऊन परत येणं शक्यच नव्हतं. पहिल्याच दिवशी वाट लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत होते तर सुलूताई म्हणाली, "गेटवे व्हया ना तुका? ह्यो बघ."

फ्रिजशेजारी बँकेचं कॅलेंडर टांगलेलं होतं. त्या महिन्याला गेटवे. समुद्र, बोटी, कबुतरं, सगळं. मी दोघांना त्याच्यापुढे उभं केलं, कॅलेंडरच्या कडा येणार नाहीत अशा बेताने मोबाइल धरला आणि फोटो पाठवून दिला.

थोड्या वेळाने मॅडमचा फोन. "मेधा, फोटो छान आलाय. पण गेटवेच्या कमानीवर 'दूध अर्धा लिटर जास्त' कोणी लिहिलंय?"

*

मॅडमनी तेव्हा सोडून दिलं. का, तर त्या जोडप्याने घरी पोचल्यावर आमचं असं काही कौतुक लिहून पाठवलं की मॅडमनाच प्रश्न पडला. पाहुणे खूश, आणि फोटो नाही. त्यांना रागवताही येईना आणि शाबासकीही देता येईना.

दुसरी पार्टी एकट्या माणसाची. यान नावाचा नेदरलँड्सचा मुलगा, तिशीतला. जोगेश्वरी मी शिताफीने टाळली. म्हणजे सुलूताई गावी गेली होती. पवई झालं, आणि कांजूरमार्गला इंडिकेटर लागला. काकांचा चुलत भाऊ वसंत.

दार उघडलं तर घर माणसांनी भरलेलं. वसंताच्या मुलीला, स्नेहाला, बघायला येणार होते. मुलगा बदलापूरचा, पण नोकरीला परदेशात. मुलाकडची मंडळी ट्रॅफिकमध्ये अडकलेली. सोफा मोकळा ठेवलेला. यानने बूट काढले आणि मोकळी जागा दिसली तिथे जाऊन बसला.

समोर वसंताचे सासरे. त्यांना एवढंच माहीत होतं की मुलगा परदेशात असतो. त्यांनी यानला वरून खाली बघितलं, गोरा आहे, चांगला आहे, आणि खुर्ची पुढे ओढली. आजोबांचं इंग्रजी उत्तम, पोस्टातून निवृत्त झालेले. मी पाणी प्यायला आत गेले होते, तेवढ्यात त्यांनी अर्धी मुलाखत उरकली. शिक्षण काय, घर स्वतःचं का, आईवडील जवळ राहतात का. यान बिचारा सरळ. त्याला वाटलं, इथे अशीच ओळख करून घेतात. मी बाहेर आले तेव्हा आजोबा विचारत होते, "ड्रिंक्स वगैरे?"

"फक्त शनिवारी," यान म्हणाला.

आजोबांनी मान डोलावली. प्रामाणिक आहे, असं शेजारच्याला म्हणाले. तेवढ्यात स्नेहा पोहे घेऊन आली. तिला सगळं कळत होतं, पण ती पोरगी अशी बिलंदर की तिने यानला पोहे वाढताना वर खोबरं जास्त घातलं. त्याने दोन प्लेटी खाल्ल्या. मग खरा मुलगा आला, घामाघूम, आईवडिलांसकट. आजोबांनी त्याच्याकडे बघितलं आणि वसंताला म्हणाले, "हे कोण? बरं, आलेत तर त्यांनाही पोहे द्या."

त्या दिवशी गेटवे कसला होतोय. मुलीच्या घरून कार्यक्रम अर्धा टाकून उठणं बरं दिसत नाही म्हणून काका शेवटपर्यंत बसले, आणि मी आणि यानही बसलो.

आठवड्याने वसंताचा काकांना फोन आला. मुलाकडच्यांनी नकार कळवला होता. स्नेहा मजेत होती. "पण सासरे सारखे विचारतायत रे," वसंत म्हणाला, "त्या शनिवारवाल्याचं काय ठरलं?"

*

मग मी डोकं चालवलं. गाडी ओळखूच आली नाही तर न थांबल्याचा अपमान कसला? आणि हे लोक गाडी ओळखतात कशावरून? मागच्या काचेवर रवळनाथाचं मोठं स्टिकर होतं त्यावरून. ते मी काकांच्या हातापाया पडून काढायला लावलं. सीटकव्हरं बदलली. पुढचा लिंबू-मिरची काढून डिकीत टाकला. गाडी अशी अनोळखी झाली की आमचाच वॉचमन तिला गेटवर अडवायला लागला.

जोगेश्वरी आली. काका समोर बघून गाडी चालवतायत, मी श्वास धरून बसले आहे, आणि बरोबर सुलूताईच्या गॅलरीखाली आल्यावर पीं, पीं, पीं.

"काका!"

"मी नाय मारूक गो," काका कळवळून म्हणाले. "हातान मारल्यान. वीस वर्सां हंयच मारता."

वरून दोरीला बांधलेली पिशवी खाली आली. आत डबा होता आणि वर सुलूताईचा आवाज, "स्टिकर खंय गेला रे? भांडलास काय देवाशी?"

ते ऐकल्यावर वर जाणं आलंच. स्टिकर परत लागलं.

*

घाटकोपरचा किस्सा माझा फार आवडता आहे, जरी त्याने मी जवळजवळ संपले होते तरी.

दोन बहिणी, गुवाहाटीच्या. थोरल्या बाई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, धाकट्या त्यांना घाबरणाऱ्या. घाटकोपरला काकांचे मेव्हणे दळवी राहतात. ते सोसायटीचे सेक्रेटरी. आम्ही गेलो तर खाली पार्किंगमध्ये वार्षिक सभा मांडलेली. खुर्च्या भरपूर, माणसं कमी. दळवी काळजीत. "माणसं पुरेशी नाहीत, सभा पुढे ढकलावी लागेल. तुम्ही जरा बसता का?" मी 'नाही' म्हणायच्या आत दोघी बहिणी बसल्यासुद्धा. त्यांना वाटलं, काहीतरी लोककलेचा कार्यक्रम आहे.

तसा तो होताच. विषय लिफ्टचा. जुनी लिफ्ट काढून नवी बसवायची. तळमजल्याचे म्हणत होते, आम्ही का खर्च द्यावा? वरचे म्हणत होते, आमच्या गच्चीची गळती तुम्ही कधी काढलीत? एकाने दुसऱ्याच्या कुत्र्याचा विषय काढला. तिसऱ्याने पंधरा वर्षांपूर्वीच्या पार्किंगचा. सगळे एकाच वेळी बोलायला लागले.

थोरल्या बाई उठल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण आयुष्यभर वर्ग सांभाळलेला. त्यांनी टेबलावर पेनाने टक टक केलं. बस्स, पार्किंगमध्ये पिन पडली तरी ऐकू यावी. मग हिंदीत म्हणाल्या, "हात वर करून बोला. एकेकाने. आणि कुत्र्याबद्दल कोणी बोलणार नाही."

आणि काय सांगू, सगळे हात वर करून बोलले. दळव्यांनी स्वतःची खुर्ची त्यांना दिली. तळमजल्याच्या एका काकांनी मधेच तोंड उघडलं तर बाईंनी त्यांना उभं राहायला सांगितलं, आणि ते उभे राहिले. चार वर्षं रखडलेला लिफ्टचा ठराव मंजूर झाला. वर बाईंनी सगळ्यांना समज दिली की पुढच्या सभेला वेळेवर यायचं.

गेटवे अर्थातच राहिला. फोटोत दोघी बहिणी जुन्या लिफ्टच्या जाळीच्या दारासमोर उभ्या आहेत, गळ्यात सोसायटीने घातलेले हार. मॅडमनी तो बघितला आणि मला ऑफिसात बोलावलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मेधा, तू माणूस चांगली आहेस. पण मला आता बाहेरून ईमेल येतायत. अजून एक-दोन संधी देते, त्यानंतर दुसरी गाडी बघेन. राग मानू नकोस."

मी घरी आले आणि रडले. नवरा म्हणाला, "एवढं काय त्यात, क्लास आहेच की." त्याला त्या दिवशी जेवण स्वतःच्या हाताने वाढून घ्यावं लागलं.

*

मग मी रस्ताच बदलला. लेणी नाही, पवई नाही, ईस्टर्न हायवे नाही. अंधेरीहून निघायचं, पार्ल्यावरून, सी लिंकने थेट गेटवे. या बाजूला परबांचं एक कुत्रंही ओळखीचं नाही, याची मी काकांना देवाची शपथ घालून खात्री करून घेतली. पाहुणा एक उंच जर्मन गृहस्थ, क्लाऊस.

पार्ल्यात सिग्नलला गाडी थांबली. मी काचेतून बाहेर बघितलं, आणि फुटपाथवर माझी कुंदामावशी. हातात भाजीची पिशवी. तिने मला बघितलं. मी तिला बघितलं. ती नुसती उभी राहिली, हाकसुद्धा मारली नाही. आईच्या मागे हिनेच माझं सगळं केलं, आणि मी दिवाळीपासून तिच्याकडे फिरकले नव्हते.

"काका," मी म्हटलं, "दोन मिनिटं."

काकांनी आरशातून माझ्याकडे असं काही बघितलं की तो आरसा फोडावासा वाटला. मग इंडिकेटर लावला.

मावशीने दार उघडलं, क्लाऊसकडे बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला. मला वाटलं, अतिथी देवो भव. कसलं काय. "किती उंच आहे गं," ती म्हणाली. "त्याला विचार, माळ्यावरचं मोठं पातेलं काढून देईल का?"

त्याने पातेलं काढलं. मग त्याच्या मागची चकलीची बरणी काढली. मग गणपतीच्या मखराचं खोकं. मग पंख्यांची पाती पुसली, तीन खोल्यांतल्या ट्यूब बदलल्या, आणि शेजारच्या साठे वहिनींना कुणकुण लागली म्हणून त्यांचाही माळा झाला. क्लाऊस शिटी वाजवत काम करत होता. त्याची आई गेल्यापासून त्याला असं कोणी काही काढून मागितलं नव्हतं, असं तो मला म्हणाला, आणि ते ऐकून मावशीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यासाठी त्याला खाली बसावं लागलं.

निघेपर्यंत ऊन कलंडलं होतं, आणि त्याला हॉटेलवर मीटिंग होती. अंधेरीचा फ्लायओव्हर आला तेव्हा काका हळूच म्हणाले, "गेटवे काय पळान जाता?"

*

आता शेवटचं. मॅडमचा फोन आला, "मेधा, स्पेनचं जोडपं आहे. कार्लोस आणि मार्ता. ही शेवटची. याही वेळी फोटो नाही आला तर पुढच्या आठवड्यापासून दुसरी गाडी." मी फोन ठेवला आणि तळमजल्यावर जाऊन काकांसमोर बसले. हात जोडले. म्हटलं, "काका, माझी नोकरी तुमच्या हातात आहे. उद्या कुठेही थांबायचं नाही."

काकांनाही वाईट वाटलं. बराच विचार केला त्यांनी. मग म्हणाले, अगदी पहाटे निघायचं. आधी सगळ्यांची घरं एकदमच उरकून टाकायची, म्हणजे मग कोणाचं काही म्हणणं राहणार नाही, आणि तिथून सुसाट गेटवे. काकांच्या हिशेबात न थांबण्याचा हाच एक मार्ग होता. मी वाद घातला नाही. निदान यात शेवटी गेटवे होता.

कार्लोस आणि मार्ता साधी माणसं. मुंबईबद्दल त्यांनी मुद्दाम काही वाचलं नव्हतं. "तुम्ही न्याल तिकडे येतो," म्हणाले.

जोगेश्वरीला कार्लोसने विचारलं, "इथे कोण राहतं?" मी सांगितलं, परबांची बहीण. बूट काढा. पाणी घ्या. खाणं आलं की आधी 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदाही 'नको' म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. मार्ताला हळदीकुंकू लागलं, ओटीत नारळ आला. कांजूरला परत विचारलं, "इथे कोण राहतं?" परबांचा भाऊ. बूट, पाणी, 'नको', 'नको', पोहे, नारळ. घाटकोपरपर्यंत ते दोघं इतके तयार झाले की दळव्यांच्या दाराबाहेर कार्लोसने स्वतःचे बूट काढून इतरांच्या चपलाही ओळीत लावल्या. मानखुर्दला काकांच्या मावशीने बांगड्याचं तिखलं वाढलं तेव्हा मार्ता मराठीत "नको, नको" म्हणाली आणि ताट पुढे केलं. मावशीने तिची अलाबला घेतली. चौथा नारळ मिळाला.

आणि मग, विश्वास बसणार नाही तुमचा, काकांनी गाडी फ्रीवेला घातली आणि कुठेही थांबवली नाही. समुद्राचा वारा आला. ती कमान दिसली. खरीखुरी, कॅलेंडरबाहेरची. मला भरूनच आलं. मी म्हटलं, आलो. आलो एकदाचे.

गाडीतून उतरून आम्ही आत गेलो. मी मोबाइल सरसावला, वळून बघते तर दोघांनी बूट काढलेले. कमानीच्या अलीकडे, बाजूला, टाचा भिंतीकडे करून नीट ओळीत ठेवलेले. कार्लोसच्या दोन्ही हातांत दोन-दोन नारळ. मार्ताच्या कपाळाला कुंकवाचे चार थर. दोघं अनवाणी उभे राहिले आणि कमानीकडे बघत वाट बघायला लागले. मी आधी फोटो काढला. खात्रीसाठी अजून एक काढला. मग एक पोलीस आला आणि मला म्हणाला, "मॅडम, बूट कशाला काढलेत यांनी? पूजा-बिजा करणार नाहीत ना इथे?"

मी उत्तर द्यायच्या आत कार्लोसने मला हळूच विचारलं, "इथे परबांचं कोण राहतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"मग तुमचं?"

"माझंही नाही. इथे कोणीच राहत नाही."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मार्ताला फार वाईट वाटलं, चेहऱ्यावर दिसत होतं. एवढं मोठं दार, सताड उघडं, आणि पाणी विचारायला माणूस नाही. त्यांनी गुपचूप बूट चढवले. जाता जाता मार्ताने एक नारळ त्या पोलिसाच्या हातात दिला आणि मला भाषांतर करायला सांगितलं, "ते लोक आले की सांगा, आम्ही येऊन गेलो."

परतताना फ्रीवेवरच मॅडमचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. "मेधा, शेवटी एकदाचा फोटो आला गं. खरा गेटवे आहे, मी झूम करून बघितला. सोमवारची पार्टी तुझी." मी डोळे मिटून घेतले. सर, क्लास, तो जिना, सगळं मागे पडलं. "फक्त एक सांग," मॅडम पुढे म्हणाल्या, "आत्ता कार्लोसचा मेसेज आलाय. सकाळपासून तुम्ही सगळीकडे तास-तासभर बसलात, आणि गेटवेला खरोखरची दोन मिनिटं थांबलात? असं का?"

काका रस्त्यावरची नजर न काढता फोनकडे वाकले.

"घरात कोणच नव्हता, मॅडम."